डावीकडची टेकडी

एर्झुरुमला नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो.
आमच्या खोलीत तो दिवसभर मुद्दाम पाडलेला,
कारण कुपीतला रंग उजेडानं विटतो.

कुपी करंगळीएवढी,
चंदेरी कागदात गुंडाळून चार अंशांवर ठेवलेली.
रंग समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचा,
आणि तो अंगाखांद्यावर वागवणारं प्रतिपिंड
मुळात कुठल्याशा उंदराच्या प्लीहेतलं.
त्याला एकच गोष्ट ओळखता येते:
पांढऱ्या पेशीच्या अंगावरची बोटं,
ज्यांनी ती वाहत्या रक्तात भिंत धरते,
थांबते,
आणि जखमेकडे उतरते.
ती दिसली तर बिलगायचं, नाही तर धुऊन जायचं.
बाकी कशात ते नाक खुपसत नाही.
माझ्या जावेला हे शिकवता आलं असतं तर.

आज कार्सहून एक बाळ आलंय.
सारीकामिशच्या घाटात बस तीन तास बर्फात उभी होती.
बेरीवान. वय एक्केचाळीस दिवस.
नाळ अजून पडलेली नाही.
बेंबीभोवती लाल, ओलं, पण पू नाही.
"पू नाही म्हणजे चांगलंच ना, सेवगुल ताई?"
बाप माझ्या कोटावरचं नाव वाचून विचारतो.
मी सुईचं टोपण शोधत राहते.
पू म्हणजे धावून आलेल्यांची प्रेतं.
जिथे पू नाही
तिथे कुणी पोचलंच नाही.

रक्तात मात्र झुंबड, नेहमीच्या पाचपट.
सगळ्यांना हाक ऐकू गेलेली,
सगळ्या दारावरून वाहत पुढे जाणाऱ्या.

शंभर मायक्रोलिटर रक्त, पाच रंगाचे, वीस मिनिटं काळोखात.
तेवढ्यात मी चहा घेते, इथल्या रीतीनं,
साखरेचा खडा दाढेत धरून.
एक खडा दोन पेले पुरतो.
आज पहिल्याच घोटात फुटला.

मग निळा लेसर,
आणि त्याच्यासमोरून एकेक करून पेशी,
पासपोर्ट दाखवत गेल्यासारख्या.
पडद्यावर टेकड्या उगवतात.
आधी माझं स्वतःचं रक्त, पडताळ्याला: उजवीकडे, ऐसपैस.
आईची टेकडी मध्यावर.
बापाची मध्यावर.
सख्खी चुलत भावंडं ती,
निम्म्या बोटांनी जगत आलेली,
आणि निम्मी इतकी पुरली की कधी कळलंच नाही.

बेरीवानची डावीकडे.
रंग न घातलेल्या नमुन्याच्या टेकडीवर
तंतोतंत बसलेली.

मी पुन्हा केलं.
नवी कुपी फोडली, नवीन नळी घेतली.
एकोणीस वर्षांत स्वतःची चूक निघावी म्हणून
मी इतकी कधी घायकुतीला आले नव्हते.
टेकडी हलली नाही.

थोरला भाऊ शियार, सहा वर्षांचा,
सिरिंज बघून खुर्चीखाली गेला होता.
त्याला बाहेर काढायला दोन बिस्किटं आणि एक रबरी हातमोजा लागला,
कोंबड्यासारखा फुगवून.
त्याची टेकडी उजवीकडे, माझ्या टेकडीला खेटून.
पण उती जुळतात का ते अंकाराला ठरेल.
नमुना उद्याच्या गाडीनं जाईल, घाट उघडा राहिला तर.
मी कुणाला काही बोललेले नाही.

"रंग दाखव," शियार म्हणतो.
रिकामी होत आलेली कुपी मी खिडकीशी धरते.
तो एक डोळा मिटून बघतो.
"पाणीच तर आहे."

बाप दाराशी, टोपी हातात.
गावच्या शाळेच्या कुंपणालगत त्यानं जागा हेरून ठेवलीय.
नाळ पडली की तिथे पुरायची, म्हणजे पोरगी शिकेल.
शियारची तिथेच आहे.
"पण आता जमीन गोठली," तो म्हणतो,
"कुदळ लागायची नाही."

"एप्रिलमध्ये पुरा," मी म्हणते.
एवढंच मला म्हणता येतं.

तो भिंतीला टेकून
बोटांवर महिने मोजू लागतो.